कोपरखैरण्यातल्या एका पदवीचा हिशेब

हे प्रकरण कोपरखैरण्यातल्या एका माथाडी कुटुंबाचं आहे. २०२२ च्या जूनमध्ये बारावीचा निकाल लागला आणि थोरल्या मुलीने पुढे शिकायचं की कामाला लागायचं, हा प्रश्न त्या घरात उभा राहिला. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आहे. रविवारी एका वाचनालयात मुलांना शिष्यवृत्तीचे आणि शैक्षणिक कर्जाचे अर्ज भरायला मदत करते. कर्जाची चौकशी करायला म्हणून हे कुटुंब माझ्याकडे आलं आणि मुलगी पदवीधर होईपर्यंत संपर्कात राहिलं. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

वडील वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत, कांदा-बटाटा बाजारात, माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांच्या टोळीत काम करतात. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. शिक्षण नववीपर्यंत. महिन्याची कमाई गाड्या किती येतात त्यावर, साधारण वीस ते पंचवीस हजार. आई दोन घरी पोळ्या लाटायला जाते. धाकटा भाऊ तेव्हा आठवीत होता. मुलगी बारावी कॉमर्सला ७६ टक्के मिळवून पास झाली होती. अकरावी-बारावीत ती कॉलेजात फारशी गेलीच नव्हती, सगळं क्लासवरच झालं होतं. त्यामुळे कॉलेज म्हणजे काय असतं, याची त्या घरात कुणालाच कल्पना नव्हती.

समोर असलेले तीन रस्ते

पहिला रस्ता नोकरीचा. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत डेटा एंट्रीचं काम होतं, हातात चौदा हजार. तिच्याच इमारतीतली, तिच्याच वर्गातली मैत्रीण तिथे लागलीच होती. वडिलांचा कल इकडे होता. "शिकून बी शेवटी नोकरीच करायचीय न्हवं? मग ती आत्ताच मिळतीया," असं ते मला म्हणाले. या प्रश्नाला झटकन देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसरा रस्ता मामांनी सुचवला होता. एका खासगी संस्थेतला मॅनेजमेंटचा तीन वर्षांचा कोर्स, फी वर्षाला दीड लाख, माहितीपत्रकावर नोकरीची हमी. माझ्याकडे कुटुंब आलं ते याच कर्जासाठी. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. कोर्स चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ताही भरावा लागत नाही. त्यामुळे ते फार सोपं वाटतं. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. कागदावर मांडून दाखवलं: दरवर्षी दीड लाख उचलले, व्याज ११ टक्के धरलं, तर पहिला हप्ता सुरू व्हायच्या दिवशी साडेचार लाखांचे जवळपास सहा लाख झालेले असतात. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे सव्वादहा हजार. एकूण भरणा साडेआठ लाखांच्या वर. सहकर्जदार म्हणून सही वडिलांची. व्याजावर आयकरात सवलत मिळते, पण ज्याच्या पगारावर करच बसत नाही त्याला तिचा उपयोग शून्य. वडिलांनी तो सव्वादहा हजारांचा आकडा दोनदा वाचला आणि माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

तिसरा रस्ता ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजचा, बी.ए. अर्थशास्त्र. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांचे पगार शासन देतं, म्हणून फी आवाक्यात असते. तिन्ही वर्षांची फी, पुस्तकं आणि रेल्वेचा विद्यार्थी पास धरून खर्च तीस हजारांच्या आसपास होता. पण खर्च म्हणजे फी, एवढंच धरून चालणार नव्हतं. तीन वर्षं कॉलेजात जाणं म्हणजे तीन वर्षांचा पगार सोडणं. महिना चौदा हजारांनी सुरू झालेली नोकरी तीन वर्षांत थोडी वाढते असं धरलं, तर पावणेसहा लाखांच्या वर रक्कम होते. गरीब घराला कॉलेज महाग पडतं ते इथे. पुढे २०२४ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय चांगलाच आहे. पण सोडलेला पगार कोणतीही फी माफी परत देत नाही, आणि अनेक मुली अडतात त्या नेमक्या तिथेच.

निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. वडील गावी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू केलेली ही संस्था साताऱ्याच्या माणसाला घरची वाटते. "आमच्या शाळंत कर्मवीरांचा फोटू हुता. कमवा आन शिका. मग हिनं बी तसंच करावं," असं म्हणून त्यांनी प्रश्न मिटवला. मुलीने कॉलेजच्या ग्रंथालयात तासांवर काम घेतलं, संध्याकाळी इमारतीतल्या चार मुलांची शिकवणी सुरू केली. तिन्ही वर्षं मिळून त्यातून ऐंशी हजारांच्या आसपास आले. म्हणजे या पदवीची खरी किंमत, मिळकत वजा जाता, सव्वापाच लाख.

वर्गात काय घडलं

पहिलं वर्ष सामान्य गेलं. नोट्स, हजेरी, परीक्षा. घणसोलीहून चढणारी एक आगरी, म्हणजे इथल्या मूळ गावकऱ्यांमधली, मुलगी तिची गाडीतली मैत्रीण झाली, ही त्या वर्षाची मोठी कमाई. ठाणे-वाशी मार्गावर घणसोली हे कोपरखैरण्याच्या पुढचंच स्टेशन, पण दोघींची घरं एकमेकींना पूर्ण अपरिचित होती. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, आणि त्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची वाट निघाली. हे सगळं आमच्या या मुलीने पहिल्यांदा ऐकलं ते या मैत्रिणीकडून, गाडीत. तिचं घर ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन कधीतरी कुणाची तरी भातशेती होती, हे जन्मापासून तिथे राहून तिला माहीत नव्हतं. उलट त्या आगरी मुलीला माथाडी म्हणजे युनियन आणि मोर्चा, एवढंच ठाऊक होतं. दोघी एकमेकींच्या घरी जेवायला जाऊ लागल्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण महाप्याच्या त्या ऑफिसातही वेगवेगळी माणसं असतात, पण तिथे कुणाची जमीन कशी गेली हे बोलायला वेळ कुणाला असतो?

दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्राला एक तरुण सर आले. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतील तितक्याच तासांचे पैसे. त्यांनी वर्गाला सांगितलं की प्रकल्प इंटरनेटवरून उतरवलेला चालणार नाही. घरातलं माणूस जे काम करतं त्या कामाचं अर्थशास्त्र लिहायचं, आणि त्या कामाला लागू असलेला कायदा मूळातून वाचायचा. मुलीने बाजार समितीतल्या माथाडीची मजुरी हा विषय घेतला. १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा तिने कलमागून कलम वाचला. वडील ज्याला माथाडी मंडळाचं म्हणून नुसतं 'बोर्डाचं' म्हणतात ती लेव्ही काय असते, हे तिला तेव्हा कळलं: व्यापारी मजुरी भरतो, शिवाय मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही भरतो, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार असे खर्च भागतात. कुठल्याच एका मालकाचा नसलेल्या कामगाराला एकाच मालकाकडच्या कामगारासारखं संरक्षण देण्याची ही रचना महाराष्ट्राने केली. तिने टोळीतल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, मुकादमाला हिशेब विचारला. सुरुवातीला तिला हसले. मग एकेक जण आपली पासबुकं घेऊन यायला लागला.

तो प्रकल्प मी वाचला आहे. भाषा कच्ची आहे, तक्ते वाकडे आहेत. पण त्यात एक परिच्छेद असा आहे, ज्याचा पुढे त्या घराला प्रत्यक्ष उपयोग झाला. कामगार नुकसानभरपाईचा, तेव्हा अमलात असलेला १९२३ चा कायदा नोंदीत माथाडींनाही लागू होतो, असं १९६९ च्या कायद्यातच म्हटलं होतं. हे वाक्य तिने अधोरेखित केलं होतं.

दुसरं वर्ष संपताना

२०२४ च्या उन्हाळ्यात गाडी खाली करताना वडिलांच्या पाठीत चमक भरली. सुरुवातीला शेक, मालिश, नंतर एमआरआय. मणक्याची चकती सरकली होती. डॉक्टरांनी दोन-तीन महिने वजन उचलायला मनाई केली. घरात तोच जुना प्रश्न पुन्हा आला: आता तरी हिने कामाला लागावं का? मामांचा फोन आला, आत्याचा आला. आत्याने सोबत एक स्थळही आणलं, मुलगा पुण्याला, घर स्वतःचं.

इथे मला थोडं थांबून सांगायचं आहे. आपल्याकडे वीस वर्षांच्या मुलीला 'मला आत्ता लग्न करायचं नाही' असं नुसतं म्हणून चालत नाही. नातेवाईक कारण विचारतात. 'शिकतेय' हे कारण सगळ्यांना पटतं. नोकरी करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला हे कारण उपलब्ध नव्हतं, तिचं त्याच वर्षी ठरलं. ते स्थळ वाईट नव्हतं, आणि मैत्रीण आज सुखात आहे. पण आमच्या मुलीला निर्णय पुढे ढकलायची मुभा मिळाली, आणि वडिलांनीच आत्याला सांगितलं, "शेवटचं वरीस हाय, होऊ दे." पदवीच्या हिशेबात ही मुभा कुठल्या रकान्यात मांडायची मला माहीत नाही. पण ती वगळली तर हिशेब खोटा ठरेल.

पाठीच्या दुखण्याबद्दल वडिलांची समजूत अशी होती की आपला मालक कुणी एक नाही, तर भरपाई कुणाकडे मागणार? टोळीतल्या जवळजवळ सगळ्यांची तीच समजूत होती. मुलीने प्रकल्पाची फाइल काढली. कामावर असताना दुखापत झाली आणि काही काळ काम करता आलं नाही, तर त्या काळात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मागता येतो, हे तिने सरांकडून पडताळून घेतलं. अर्ज लिहिला. मुकादमाची, सोबतच्या दोघांची निवेदनं घेतली. दवाखान्याचे कागद तारखेनुसार लावले. पहिल्या खिडकीवर 'असं काही नसतं' हे उत्तर मिळालं, तेव्हा तिने लेखी नकार मागितला. लेखी नकार मिळाला नाही, अर्जावर पोचशिक्का मिळाला. पैसे यायला बरेच महिने लागले आणि रक्कम काही मोठी नव्हती, पण त्या रकमेने ते घर सावरलं आणि मुलीचं तिसरं वर्ष वाचलं. त्यानंतर टोळीतल्या आणखी एका जखमी माणसाचा अर्ज तिनेच लिहून दिला.

हे बारावी झालेल्या मुलीला जमलं नसतं का? हुशार मुलीला जमलंही असतं. हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला आहे. तिच्याकडे अक्कल होतीच, कॉलेजने ती दिली नाही. कॉलेजने तिला तीन गोष्टी दिल्या: असा कायदा उघडून बसायला लावणारा माणूस, तो वाचण्यासाठी लागणारा मोकळा वेळ, आणि मोठ्या टेबलामागच्या माणसाला प्रश्न विचारायची सवय. ही सवय फार उशिरा लागते. माझ्या टेबलासमोर आयुष्यभर अशी माणसं बसली, जी कागद न वाचता सही करत आणि दोन्ही हात जोडून उठत. त्यांच्यात बुद्धी कमी नव्हती. विचारलं तर चालतं, हे त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

पगाराच्या बाजूने पाहिलं तर

२०२५ मध्ये ती पहिल्या वर्गात पदवीधर झाली. ऐरोलीतल्या एका कंपनीच्या बॅक ऑफिसात तिला एकवीस हजारांची नोकरी लागली. बारावीनंतर कामाला लागलेल्या मैत्रिणीचा पगार तोवर एकोणीस हजार झाला होता. फरक महिन्याला दोन हजार, वर्षाला चोवीस हजार. सव्वापाच लाखांचा खड्डा या फरकाने भरायचा तर बावीस वर्षं लागतील. पुढे तिचा पगार वेगाने वाढेल अशी आशा आहे, पण आशेवर मी कधी कर्ज मंजूर केलं नाही, म्हणून तो आकडा इथेही धरत नाही. फक्त पगार बघायचा ठरवला तर वडिलांचा पहिला कौल बरोबर होता, आणि हे मी त्यांना सांगितलं.

तरी पगाराच्याच बाजूला एक गोष्ट जोडावी लागते. तलाठी, पोलीस उपनिरीक्षक, बँकेतला लिपिक, राज्यसेवा, या परीक्षांना बसायला पदवी लागते. शाखा कुठलीही चालते, पण पदवी लागते. पोलीस शिपाई भरती बारावीवर आहे; उपनिरीक्षकाची नाही. मैत्रीण हुशारीत तिच्यापेक्षा कमी नाही, पण या रांगांमध्ये तिला उभंच राहता येत नाही. आमची मुलगी सध्या नोकरी सांभाळून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे. पास होईलच असं नाही. लाखो मुलं याच परीक्षांना बसतात, आणि सरकारच्या कामगार सर्वेक्षणात वर्षानुवर्षं दिसतंच आहे की पदवीधरांमधलं बेकारीचं प्रमाण अशिक्षितांपेक्षा जास्त आहे. त्याचं एक कारण साधं आहे: ज्याच्या घरी आजची चूल आजच्या मजुरीवर पेटते त्याला बेकार राहणं परवडत नाही. पण दुसरं कारण कॉलेजांनी स्वतःकडे बघून शोधायला हवं.

कारण हे प्रकरण वाचून कुणी 'मुलांना कॉलेजात घाला, बाकी आपोआप होईल' असा अर्थ काढला तर मला वाईट वाटेल. त्याच वर्गातल्या बहुतेक मुलांनी प्रकल्प जुळवाजुळव करून दिला आणि सरांनी नाइलाजाने गुण दिले. काही जण हजेरीपुरते येत. त्यांनीही तोच वेळ, तोच पगार सोडला होता आणि बदल्यात एक गुणपत्रिका मिळवली. आमच्या मुलीला जे मिळालं ते एका माणसामुळे मिळालं, आणि तो माणूस तासावर राबत होता. पुढच्या वर्षी त्यांना तास मिळाले नाहीत. महाराष्ट्रात अनुदानित कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या जागा मोठ्या संख्येने रिकाम्या आहेत आणि शिकवण्याचा भार तासिकेवरच्या लोकांवर आहे. फीपलीकडचं मोल जे म्हणतात ते या लोकांच्या हातून मुलांपर्यंत पोचतं, आणि त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एक रुपया मिळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आता सगळ्यांना आहे. तो करून घेणारा शिक्षक वर्गात टिकला नाही, तर तो प्रकल्पही इंटरनेटवरून उतरवला जाणार.

आजची स्थिती

वडील कामावर परतले आहेत, पण हलक्या कामावर, त्यामुळे कमाई कमी झाली आहे. मुलीच्या पगारातले बारा हजार घरात जातात. मैत्रिणीने लग्नानंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं आहे. तिचा अर्ज आम्ही वाचनालयातच भरला.

धाकटा २०२५ मध्ये दहावी झाला. मामा पुन्हा एक माहितीपत्रक घेऊन आले होते. या वेळी मी काही बोलायच्या आत बहिणीनेच हिशेब मांडला. मुलाचा ओढा वायरिंग, मोटर, पंप याकडे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. अकरावीला नाव घालून क्लासला पैसे भरण्यापेक्षा आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड, मग शिकाऊ उमेदवारी, आणि पुढे मन झालं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, अशी वाट तिने काढली. प्रवेश घेण्याआधी ती त्याला घेऊन संस्थेत गेली आणि तिथे विचारलं की या ट्रेडला शिकवणारे निदेशक कायमस्वरूपी आहेत का, एका यंत्रावर किती मुलं काम करतात, वर्कशॉप आठवड्यातून किती दिवस चालू असतं. निदेशकांनी त्यांना आत नेऊन वर्कशॉप दाखवलं. प्रवेश तिथेच घेतला.